समजा, काटकोन आहे

...आणि वर मुख्याध्यापिका बाई मलाच विचारतात, आराखडा कुठवर आला! अहो, तीन आठवडे आम्ही दोघं एका टेबलाशी बसतोय, मी गणिताचा मास्तर आणि समोर शाळेच्या कार्यशाळेतले सुतारकाका, कानावर पेन्सिल खोचलेली, आणि दोघांनी मिळून म्हणे गणित अधिक वस्तूंची रचना असा नवा विषय बांधायचाय! मी लिहितो, "समजा, भिंत तीन मीटर आहे..." की काका म्हणतात, "समजा कशाला? मोजा की!" तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं 'समजा' म्हणत पोट भरलंय हो मी! समजा एक टाकी आहे, समजा एक शिडी आहे... कुठेय ती शिडी, असं विचारायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

बरं, सोडून द्यावं तर तेही जमेना. कारण नववीतली ती उंच पोरगी. गणितात दोनदा आपटलेली, यंदा गेली की घरचे शाळेतून काढून मावशीच्या शिलाईच्या दुकानात बसवणार. हा विषय मंजूर झाला तर गणिताच्या जागी चालेल, असं मुख्याध्यापिका बाईंनी कबूल केलेलं. म्हणजे पोरीचं वर्ष आमच्या भांडणापायी अडकलेलं!

मग नमुन्याचा धडा ठरला. वाचनालयाच्या कोपऱ्यात बसेल असं कपाट, मुलांनी करायचं, बाईंनी बघायचं. फळ्यावर झोकात आकृती काढली मी, दोन भिंती, मध्ये काटकोन. काका म्हणाले, "सर, कोपरा मोजलात?" म्हटलं, "काका, समजा की काटकोन आहे!" झालं! परत तेच, "समजा कशाला? मोजा की!" ऐकतो कोण? कपाट झालं, सहा पोरांनी उचलून नेलं, लावलं... आणि मागे ही एवढी फट! अख्खा हात जाईल! बाई फटीकडे बघतायत, काका छताकडे, मी कुठं बघू?

तेवढ्यात ती पोरगी दबक्या आवाजात म्हणाली, "सर, तो कोपरा चौऱ्याण्णव अंशांचा आहे. मी मागच्याच आठवड्यात मोजलाय." मी ओरडलोच, "मग बोलली का नाहीस गं?" तर म्हणते, "तुम्ही फळ्यावर काटकोन काढला होता ना... मला वाटलं, माझंच चुकलं असेल. नेहमी चुकतंच ना माझं."

लाज वाटली हो. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं मानायला तिला मीच शिकवलं होतं, आणि वर नापासही मीच केलं होतं.

पोरीनं आपणहून कोपरा मोजलाय म्हटल्यावर बाईंनी तिथंच आराखड्यावर सही केली. विषय मंजूर, पोरगी शाळेत राहिली! फक्त मला म्हणाल्या, "सर, शिकवतील काका. तुम्ही वर्षभर मुलांबरोबर बसा, मग बघू." बसतो! शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन! आणि काकांचा नियम असा, की माप चुकलं की वहीवर पालकांची सही. सगळ्यांना सारखा! परवा चुकलं माझं. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे... चष्मा पुसला, वही वाचली, सही ठोकली, आणि आईला म्हणाले, "तरी मी तेव्हाच सांगत होतो, याचं गणित कच्चं आहे!"