टेलपर्यंत पाणी

अंदमानला जाऊन आमच्या आप्पांनी काय बघितलं असेल? पाटाचं पाणी! आता त्यांचाही दोष नाही. कोल्हारजवळचं आमचं रान पाटाच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला. अर्ज भरा, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मागं लागा, तरी धरणातून पाळीचं आवर्तन सुटलं की तिथं पाणी पोचायच्या आत ते संपतं.

बेटावर सकाळी उतरलो तेव्हा समुद्र हॉटेलच्या पायरीशी होता. निळाशार, तळातली वाळू दिसावी इतका नितळ. आप्पा गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. जेवून परत आलो, तर पाणी पार लांब गेलेलं आणि होड्या वाळूत टेकलेल्या.

"आरं, पानी कुनी बंद केलं?"

"आप्पा, ओहोटी आहे ही. संध्याकाळी परत येतं."

"सोडतं कोन?"

"कोणी नाही. चंद्रामुळं आपोआप येतं."

"पानी कदी आपोआप आलंय व्हय? बघतोच मी."

आई म्हणाली, "बसू दे रं. पाण्याची पाळी असली की घरीबी बांधावरून उठत न्हाईत."

आप्पा तिथंच टॉवेल टाकून बसले. ऊन कललं तशी पाण्याची बारीक धार वाळूतून पुढं सरकली. होड्या हलल्या. मग आप्पांचे पाय भिजले. ते उठले, चपला बाजूला काढल्या आणि समुद्राला हात जोडले.

"अर्ज न्हाई, पाटकरी न्हाई, भांडान न्हाई," ते हळूच म्हणाले, "अन् टेलपर्यंत पोचलं बघ."