सज्जातली गादी

थेम्स नदीपलीकडच्या नाटकगृहाच्या दारातली ती रांग उर्सुलाला म्हातारपणीही लख्ख आठवे. तिच्यापुढे मासेवाली डॉर्कस आणि तिची शेजारीण थॉमसिन उभ्या होत्या.

"लेडी थॉमसिन, आपण आधी व्हा पुढं."

"आपण? परवापर्यंत 'ए थॉमी' होते ना मी!"

"परवापर्यंत आपले यजमान नुसते कापडवाले होते. आता राजानं त्यांना 'सर' केलं, म्हणजे आपण लेडी."

"'सर' करताना राजानं तलवार त्यांच्या खांद्याला टेकवली, माझ्या नाही."

"तरी नाटकातल्या लेडीला कुणी 'ए' म्हणतं का?"

"नाटकातली लेडी बाप्या असते, दाढी करून येते, डॉर्कस!"

"हसवू नका. वर सज्जात गादी घातलीय आपल्यासाठी. आम्ही खाली, उभ्यानं."

"आणि माझे अक्रोड कोण फोडणार? आजवर तूच दातांनी फोडून दिलेस."

"लेडीनं माझं उष्टं खायचं?"

"वर एकटी बसून मी काय करू गं?"

डॉर्कसनं तिच्या हातातली अक्रोडांची पुरचुंडी घेतली. तेवढ्यात दार उघडलं, मागून लोक रेटू लागले.

"दाढ अजून दुखते का गं तुझी?" डॉर्कसनं विचारलं.

"ठणकते मेली."

"मग चल लवकर, थॉमी. खांबाजवळची जागा धरू, नाहीतर सबंध नाटकभर लोकांच्या पाठी बघत उभी राहशील."