विलायती गाडीची मागची सीट

जबाब

मी, जुन्या गाड्यांच्या बाजारात ज्याला सगळे 'चुंबकवाले' म्हणून ओळखतात तो, वय ६१ वर्षे, धंदा जुन्या गाड्या पारखून भाव सांगणे, राहणार टायरच्या गोदामामागे, पाण्याच्या टाकीसमोर, पहिला मजला, ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगतो ते असे की,

वरील पत्त्यावर मी आणि माझी बायको असे दोघेच राहतो. आम्हाला एक मुलगी. तिचं लग्न होऊन पाच वर्षं झाली. ती सासू-सासरे, नवरा आणि साडेतीन वर्षांची मुलगी यांच्यासोबत लाकडाच्या वखारीमागच्या दुमजली घरात राहते. वखार माझ्या व्याह्यांची आहे. जावई वखारीतच काम बघतात. स्वभावाने गरीब आहेत, म्हणजे वडिलांसमोर तोंडात मिठाची गुळणी धरून असतात.

मी गाड्या विकत नाही, दलाली घेत नाही. गाडी दिवसाउजेडी बघतो. फलालीनच्या फडक्यात गुंडाळलेलं चुंबक तिच्या सगळ्या अंगावरून फिरवतो. ते जिथे पकडत नाही तिथे पत्रा नसतो, पुट्टी भरलेली असते. जो भाव मी सांगतो त्या भावाला ती गाडी स्वतः घ्यायची माझी तयारी असते. हा माझा नियम आहे आणि बाजारात तो सगळ्यांना माहीत आहे. हे फुशारकी मारायला सांगत नाही, पुढे त्याचा संबंध येतो. हवालदारसाहेब, हे गाळू नका.

काल व्याह्यांचा फोन आला. त्यांच्या गॅरेजमध्ये जुनी विलायती गाडी आहे, तिला गिऱ्हाईक आलंय, म्हणाले. गिऱ्हाईक म्हणजे चौकातले दातांचे डॉक्टर. त्यांनी सांगितलं होतं, चुंबकवाल्यांनी त्यांच्या तोंडाने भाव सांगितला तर मी घासाघीस करणार नाही. व्याही मला म्हणाले, "किरकोळ गंज आहे, तेवढं सांभाळून घ्या. घरचंच काम आहे." मी म्हणालो, गंज किरकोळ आहे की कसा, ते गाडी बघून कळेल. ते हसले. मुलगी दिलेल्या घरचं काम घेऊ नये एवढी अक्कल मला आहे. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

आज जेवण उरकून मी तिकडे गेलो. विहीणबाईंनी चहा दिला. मुलगी कप न्यायला आली, "बाबा, बरे आहात ना?" म्हणाली आणि उत्तर ऐकायच्या आधीच आत गेली. नात वर झोपली आहे असं सांगण्यात आलं. मी घड्याळ, पट्टा आणि फोन काढून बैठकीच्या खोलीत ठेवला. गाडीवर वाकताना ओरखडा पडू नये म्हणून मी नेहमी तसं करतो. चुंबक, बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर तेवढा घेतला.

गॅरेज स्वयंपाकघराला लागून आहे. मधल्या भिंतीत वरती जाळीचा झरोका आहे. पुढे लोखंडी शटर. आत गाडी उभी होती. गडद हिरवी, चार दारांची, समोर अक्रोडाच्या लाकडाची फळी, चामड्याच्या सीटा, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज. खरं सांगायचं तर बघून जीव हरखला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि शिवणयंत्रासारखं चालू राहिलं. मी व्याह्यांना म्हणालो, "वा, काय चीज सांभाळलीय!" ते खूश झाले.

त्यानंतर मी आतली बाजू पाहिली. ही गाडी बारा-पंधरा वर्षं रस्त्यावर आलेली नाही असं व्याह्यांनीच सांगितलं होतं. पण पुढच्या सीटा ताठ होत्या आणि मागची सीट ताजी दबलेली होती. चामड्याला एका कडेला डाग होते. खाचेत बिस्किटाचा चुरा आणि केसांची एक पिन सापडली. मागच्या काचेवर आतून बोटाने वाकडंतिकडं काहीतरी काढलेलं होतं. मी मान हलवून म्हणालो, "मागची सीट वापरून खराब केलीय कोणीतरी. तिचे पैसे कमी होतील." व्याही म्हणाले, "तेवढं चालतं हो."

मग मी खाली शिरलो. तळाला नुकताच काळा डांबरी रंग दिलेला होता, त्याचा वास गेला नव्हता. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पट्ट्यांवर चुंबक घसरून पडलं. मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरतात तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठेवला होता आणि वरून पुट्टी लिंपली होती. असं काम आपोआप होत नाही, कोणीतरी बसून करतं. गाडी भरून वेगात नेली आणि खड्डा लागला तर पाटा तळ फोडून वर येणार, मागे बसलेल्यांच्या पायात.

बाहेर येऊन मी व्याह्यांना स्पष्ट सांगितलं की ही गाडी चालवायची म्हणून विकता येणार नाही. इंजिन, लाकूड, काचा, क्रोम, सीटा असे सुटे भाग धरून जो भाव होईल तोच तिचा खरा भाव. तो त्यांच्या मनातल्या भावाचा पाचवा हिस्सा होत होता.

व्याही आवाज चढवत नाहीत. कधीच चढवला नाही. गोड आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, तुमची मुलगी आमच्याकडे सुखात आहे ना?"

मी म्हणालो, "याचा इथे काय संबंध?"

"आम्ही लग्नात काही मागितलं? नंतर काही मागितलं? आज पहिल्यांदा एक शब्द मागतोय. पैसेसुद्धा नाही."

मी म्हणालो, डॉक्टरांना दोन मुलगे आहेत, ते मागेच बसणार. व्याही म्हणाले, "तुम्ही थकलात. जरा शांतपणे विचार करा. डॉक्टर आले की उघडतो." मला वाटलं थट्टा करतायत. तेवढ्यात ते बाहेर पडले, शटर खाली आलं आणि कुलूप लागल्याचा आवाज झाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शटरवर हात आपटले, जावयांच्या नावाने हाका मारल्या. वखारीत करवत चालू होती, ती क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग झरोक्यातून मुलीचा आवाज आला.

"बाबा, आवाज करू नका."

"किल्ली आण आणि उघड आधी."

"किल्ली त्यांच्याकडेच असते. चिडू नका. फार वेळ नाही ठेवत. आवाज केला तर जास्त ठेवतात."

मी विचारलं, तुला कसं माहीत? तिने नळ सोडला, पाण्याचा आवाज मोठा होऊ दिला आणि मग म्हणाली, "रंगाच्या डब्यांमागे पाण्याची बाटली आहे. भरलेली आहे, घ्या. आणि मागच्या सीटवर आडवे व्हा. पुढची पाठीला टोचते."

मी डबे सरकवले. बाटली होती. तिच्याजवळ घडी केलेला टॉवेल, बदक काढलेला लहान मुलाचा कप आणि दोन रंगीत खडू होते. मी विचारलं, "छोटीलासुद्धा?"

तिने नळ अजून मोठा केला आणि म्हणाली, "तिला ती गाडी आवडते, बाबा. तिला वाटतं आपण फिरायला निघालोय."

साहेब, माझी मुलगी आणि नात त्या सीटवर झोपत होत्या आणि मी त्याच सीटचे पैसे कमी केले होते. जाणकारासारखी मान हलवून. चुरा दिसला, पिन दिसली, काच दिसली, आणि माझ्या टाळक्यात काय आलं, तर भाव उतरला! चाळीस वर्षं हेच केलं, दुसरं काही दिसतच नाही. मी तिथे बसून रडलो. हेसुद्धा लिहा, मला त्याची लाज वाटत नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, ते म्हणतील तो भाव सांगून टाका ना. तुमचं काय जातंय?" मी तिला पाट्याचं सांगितलं, डॉक्टरांच्या मुलांचं सांगितलं. ती म्हणाली, "कळलं मला. तरी सांगा." इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. सांगावं तर दुसऱ्याची पोरं, न सांगावं तर माझी.

मग मला एक वाट सुचली. मी शटरजवळ जाऊन व्याह्यांना हाक मारली. ते तिथेच खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, "तुमच्या भावाला गाडी मीच घेतो. उद्या बँक उघडली की पूर्ण पैसे देतो. मुलीला आणि नातीला आठ दिवस माहेरी पाठवा." माझ्या नियमात बसत होतं. डॉक्टर वाचत होते, यांना पैसे मिळत होते. बायकोला काय सांगणार हे पुढचं पुढे.

व्याही म्हणाले, "तुमच्याकडून पैसे घेऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि माहेरी कशाला? इथे काय कमी आहे तिला?"

काही वेळाने शटर वर गेलं. डॉक्टर उभे होते. व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "व्याही गाडीत अगदी रमून गेले होते." मुलगी स्वयंपाकघराच्या दारात नातीला घेऊन उभी होती. नात मला बघून "आजोबा, तुम्ही पण गेला होता फिरायला?" असं म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "सांगा, चुंबकवाले."

मी मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. मी मागची चटई उचलली आणि स्क्रू ड्रायव्हर तळात दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. खरा भाव सांगितला. डॉक्टर वाकले, भोकातून खालची फरशी दिसत होती. "इथे माझी पोरं बसणार होती," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "डॉक्टर, थांबा, अजून एक गोष्ट आहे, मला इथे कोंडलं होतं, माझ्या मुलीलाही कोंडतात." त्यांनी एकदा व्याह्यांकडे पाहिलं, "हे तुमचं घरचं आहे," म्हणाले आणि निघून गेले.

ते फाटकाबाहेर जाईपर्यंत व्याही थांबले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, छोटीला घेऊन गाडीत बस."

तिला कोणी हात लावला नाही, ओढलं नाही. ती माझ्यासमोर चालत गेली, मागचं दार स्वतः उघडलं, आधी नातीला आत बसवलं, मग स्वतः बसली. शटर खाली आलं. मी कुलपाला झोंबलो, तेव्हा वखारीतल्या दोघांनी मला दंडाला धरून फाटकापर्यंत आणलं. विहीणबाईंनी माझं घड्याळ, पट्टा आणि फोन हातात दिला आणि म्हणाल्या, "राहिलं होतं तुमचं." जावई दारात उभे होते. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. ते हातातल्या टेपने एक फळी मोजत होते, ती मोजून झाली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

तिथून मी तडक ठाण्यात आलो. येथे मला सांगण्यात आलं की हा गाडीच्या किमतीवरून झालेला घरगुती वाद दिसतो, उद्या दोघांना बोलावून समज देऊ. माझं म्हणणं असं की वाद किमतीचा नाही. किंमत सांगून झाली, गिऱ्हाईक गेलं, तो विषय संपला. एक बाई आणि एक लहान मूल या क्षणी बंद शटरच्या आत आहेत. मी खोटं बोललो असतो तर ती आज स्वयंपाकघरात असती, हे मला कळतं. ते ओझं माझं मी वाहीन. तिने तक्रार केलेली नाही, करणारही नाही, कारण तिला तिथला सगळा हिशेब पाठ झालाय. म्हणून मी करतो. कोणाला वाटेल व्याह्यांविरुद्ध तक्रार करून मी मुलीच्या संसारावर नांगर फिरवला. खुशाल वाटू दे. माझी तक्रार माझे व्याही, विहीणबाई आणि जावई, तिघांविरुद्ध आहे. जावयांचं नाव वगळू का असं मला विचारण्यात आलं. वगळू नका.

एवढा जबाब ठाण्यात लिहून झाला, आणि बाई व मूल आत कोंडलेले आहेत हे कागदावर आल्यावर साहेबांनी जीप काढायला सांगितली. तो वाचून दाखवेपर्यंत बसून राहायला मी नकार दिला, म्हणून पोलिसांसोबत जीपने निघालो. शटरचं कुलूप त्यांच्यासमक्ष उघडण्यात आलं. त्यानंतर तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, हा जबाब मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, काही खोडायचं नाही, म्हणून खाली सही करतो.

साक्षीदार म्हणून माझ्या मुलीने माझ्या सहीखाली सही केली आहे. तिच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. सही करताना मूल कडेवरून खाली उतरायला तयार नव्हतं, त्यामुळे अक्षर वाकडं आलं आहे. ते तिचंच आहे.