खिशात राहिलेली पिन

जबाब देणार: गॅरेजवर आणि वस्तीत सगळे 'कानवाले मिस्त्री' म्हणून ओळखतात. वय ४९ वर्षे. धंदा: मोटार दुरुस्ती. राहणार: स्वतःच्या गॅरेजच्या वरची खोली, जुन्या पेट्रोल पंपासमोर.

मी पोलीस ठाण्यात आपणहून हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी सत्तावीस वर्षे चारचाकी गाड्या दुरुस्त करतो. गाडी फाटकातून आत येईपर्यंत नुसत्या आवाजावरून मला तिचे दुखणे कळते, म्हणून हे नाव पडले. माझी थोरली बहीण आठ आसनी गाडी भाड्याने चालवते. तिला मी ताई म्हणतो. तिच्या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

आज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी ताई गाडी घेऊन आली. वृद्धाश्रमातल्या सहा जणांना घाटापलीकडे डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे होते. चार दिवसांपासून खड्ड्यात डावीकडून खट् खट् येते आणि स्टिअरिंग डावीकडे ओढते, असे तिने सांगितले. मी पुढचा डावा टायर पाहिला. तो आतल्या कडेने घासलेला होता. बॉनेट दाबून सोडले, तर गाडी एकदाच उसळून स्थिर झाली, म्हणजे शॉकअब्सॉर्बर ठीक होते. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवले. ते डुगडुगत होते. खालचा बॉल जॉइंट गेला होता.

हवालदारसाहेबांनी विचारले म्हणून सांगतो. बॉल जॉइंट म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा सांधा. माणसाच्या खुब्यासारखा, वाटीत गोळा. झिजला की खडखडतो. साफ निसटला तर चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते.

मी नवीन जॉइंट बसवला. त्याच्या नटातून शेवटी एक पिन घालून तिची टोके वाकवावी लागतात. पिन नसेल तर धक्क्यांनी नट फिरत फिरत सुटू शकतो. दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून पिन मी ओठांत धरतो. ती सवयच आहे. ते पाहून ताई म्हणाली, "बायकोसमोर पण अशीच पिन धरत जा तोंडात, सुखी होशील." मी नट पान्याने अर्धवट ओढला होता, तेवढ्यात ताईने मला काहीतरी विचारले. उत्तर द्यायला मी पिन तोंडातून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. काय विचारले, असे हवालदारसाहेब म्हणतात. विशेष काही नाही, गाडीबद्दलच. लगेच तिला वृद्धाश्रमातून फोन आला की मंडळी केव्हाची तयार होऊन फाटकात बसली आहेत. मी घाईघाईने चाक चढवले. नऊ वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

साडेदहाच्या सुमारास चष्मा काढायला खिशात हात घातला आणि पिन बोटाला लागली. मी ताईला अकरा वेळा फोन केला. ती गाडी चालवताना फोन मुका करून समोरच्या कप्प्यात ठेवते. हा नियम मीच तिला घालून दिला आहे. वृद्धाश्रमात विचारून सोबत गेलेल्या आयाबाईंचा नंबर घेतला. तो लागत नाही. गॅरेजवर तीन गाड्या होत्या, पण तिन्ही खोललेल्या. मी धावत ठाण्यावर आलो. दहा पन्नास झाले होते. पायात चपला नाहीत हे इथे आल्यावर कळले.

हवालदारसाहेबांनी आधी वायरलेस केला, मग कागद घेतला. अकरा वाजून चार मिनिटांनी घाटाखालच्या चौकीचे उत्तर आले की अशी गाडी वीस मिनिटांपूर्वीच वर गेली. चौकीवरचा शिपाई मोटारसायकलने मागे गेला आहे. माथ्यानंतर उतार लागतो. त्यात एकोणीस वळणे आहेत. ताईला गाडी शिकवली तेव्हा ती मी मोजली होती.

मला फार भीती वाटते आहे. हे जबाबात लिहा असे मीच सांगितले.

हवालदारसाहेब मला धीर देत म्हणाले, "मिस्त्री, नट सैल झाला तर आधी आवाज येईलच ना? तुमचीच बहीण आहे ती. ऐकेल आणि थांबेल." मी पाणी मागितले.

आता अकरा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. वायरलेसवर अजून निरोप नाही. जबाब मला वाचून दाखवला आणि बरोबर आहे का, असे विचारले. बरोबर नाही. एक सांगायचे राहिले आहे, ते खाली लिहून घ्यावे.

ताईने मला विचारले होते, "आता आवाज नाही ना रे येणार?" मी पिन तोंडातून काढली आणि म्हणालो, "नवीन बसवलंय, दोन दिवस जरा खटखट होईल. तू लक्ष देऊ नकोस. थांबत बसू नकोस." ती म्हणाली, "तू सांगितलंस ना, झालं मग."

एवढे धरून जबाब पुन्हा वाचून दाखवला. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. पिन टेबलावर ठेवली आहे.