घड्याळजींचं पत्र आलं नाही

सासरे : पाइपच्या वाटीत, तंबाखू भरतात तिथे, आतून काहीही लावायचं नाही. हातात पटाशी दिली त्याच दिवशी बजावलं होतं. तू काय म्हणालीस?

सून : “बाबा, तुमच्या वेळची गोष्ट वेगळी.”

सासरे : पाठ आहे म्हणजे. मग या गोंदाच्या ट्यूबा बाकाखाली काय करतायत?

सून : एकाच पाइपला लावला. वाटी कोरून झाल्यावर आत केसाएवढी भेग दिसली. गोंदात भुसा कालवून बुजवली, वरून काळा रंग दिला. दहा दिवसांचं काम फेकवेना.

सासरे : तंबाखू पेटली की तो गोंद शिजणार. धूर सरळ ओढणाऱ्याच्या छातीत. कुठाय तो पाइप?

सून : पाठवला. घड्याळजींना.

सासरे : पुलापलीकडच्या? त्या घड्याळजीला? माझ्या घरातून?

सून : दीड वर्ष पाठवतेय. ते तीन दिवस ओढून बघतात आणि चुका लिहून कळवतात. नळीचं भोक तळाच्या वर निघालंय, ओल साचते. वाटी जड, दात दुखतात. सगळं या वहीत उतरवलंय. पहिला पाइप आणि आत्ताचा शेजारी ठेवून बघा एकदा.

सासरे : भर दुकानात माझ्या पाइपला ‘कोळशाची पळी’ म्हणाला होता तो. अकरा वर्षं मी त्याची पायरी चढलो नाही. आणि तू त्याच्या पत्रांची पोथी बांधलीस.

सून : मग काय करणार होते? तुमचं चांगल्यालाही ‘हं’, फुकट गेलेल्यालाही ‘हं’. त्या ‘हं’वरून मी काय सुधारायचं?

सासरे : गोंदाबद्दल ‘हं’ म्हणालो नव्हतो.

सून : नाही. तेवढं एकदाच नीट बोललात, आणि तेच मी ऐकलं नाही. आता ऐका. पाइप गेल्या आठवड्यात मंगळवारी पोचला. चौथ्या दिवशी त्यांचं पत्र येतंच. आज नववा दिवस. फोन वाजतो, उचलत नाहीत.

सासरे : आवडला असेल पाइप.

सून : त्यांना? आवडला असता तर का आवडायला नको होता, यावर दोन पानं आली असती.

सासरे : (बाकावरचा भुसा उगाच झटकत) एकटाच राहतो ना अजून?

सून : एकटेच. त्यात दम्याचा त्रास. आत्ता त्यांच्या घराखालच्या दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, दोन दिवस जिन्यात दिसले नाहीत. वर जाऊन बघा म्हटलं, तर म्हणाला, ते अंगावर येतात, मी नाही जाणार.

सासरे : मग तू जा. तुझे गुरू ते.

सून : गेलेच असते. लेकराला एकशे दोन ताप आहे, खांद्यावरून उतरवलं की रडून निळं पडतं. तुमचे चिरंजीव कारखान्यातून सुटायला चार तास आहेत. तुमच्याशिवाय कोण आहे?

सासरे : आणि तिथे जाऊन सांगू काय? सुनेनं विष पाठवलं?

सून : गोंदाचं खरं ते सांगा, माझं नाव घेऊन. आणि पाइप काढून घ्या हातातून.

सासरे : त्यानं माझ्या तोंडावर दार आपटलं तर?

सून : आपटू द्या, बाबा. आपटायला ते दारापर्यंत येतायत का, तेवढं बघून या.