बाळंतिणीची मूठ

काय सांगू तुम्हाला पावणं, माझं माहेर-सासर दोनी पंचगंगेच्या काठचं, इचलकरंजीच्या अंगाला, आमी भोई, आज्ज्यापास्नं नदीतलं मासं धरून इकायचं एवढंच ठावं. आमच्या हिकडं बायका बी आलो-गेलो म्हणत्यात, तवा हसू नका. तर नदीला रंगाचं पानी याय लागलं, आज लाल तर उद्या निळं, मासं पोट वर करून तरंगायचं, माणसं म्हणायची ह्या नदीचं नको गं बाई. मंग माझ्या मालकांनी डोस्कं चालवलं, म्हनलं घाट उतरून कोकणातल्या खाडीचा माल आणू, ते समुद्राचं पानी, त्येला कोण नासवतंय. नदीच्या इखाला भिऊन आमी खाडीकडं गेलो, ध्यानात ठेवा.

तिसऱ्या आणायचो, शिंपल्या वो. मालक गेलं तवा माझी मंदा सातवीत, तवापास्नं मी एकटीच पाटी घेऊन बाजारात बसलो. तिसऱ्या मिठाच्या पान्यात ठेवायच्या, त्या तोंड उघडून वाळू सोडत्यात, दोनदा पानी बदलायचं. पानी निवळलं की मी छाती ठोकून सांगायचो, माल साफ हाय. आन माझी एक रीत हुती, पोटुशी न्हायतर बाळंतीण आली की मापावर एक मूठ जास्त टाकायची, फुकट, ही तुझ्या लेकराची म्हणून. तिसऱ्या उकडल्याचं अळणी पानी प्याली की बाईला दूध येतंय, माझी आई सांगायची. बाया लांबनं यायच्या, कबनूरच्या बी यायच्या, मावशीचा हात सढळ म्हणायच्या. लई गोड वाटायचं वो.

मंदाचं लगीन झालं, दिवस गेलं, म्हायेराला आली. दुसऱ्याच्या लेकीला मूठ, तर माझ्या लेकीला पातेलं. रोज अळणी, न्हाय म्हनली तरी बळंच, नाक दाबून पी म्हणायचो. पोरगी झाली, तरी चालूच. त्येच्या आधी बी ती लहानपणापास्नं उरला माल खाऊनच वाढलेली.

मंग तिच्या तळहाताला दाणं उठलं, कडक, डाळीएवढं. छातीवर काळं-पांढरं ठिपकं. मी म्हनलं धुणीभांडी करून घट्टं पडलं असत्याल. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नखं कापून तपासाय धाडली, माझी बी घेतली. म्हनल्या सोमल हाय अंगात, आर्सेनिक, इखच ते, काय खाता. मी मोठ्या तोंडानं सांगितलं, माल धुतलेला असतोय, वाळूचा कण न्हाय. त्या म्हनल्या, मावशी, सोमल वाळूगत सुटत न्हाय, उकळला तरी जात न्हाय, काही रश्श्यात उतरतो, तुमी तोच पाजलाय.

मी तशीच एस्टीनं खाडीवर गेलो. ज्याच्याकडनं इतकी वर्षं माल उचलला त्यो दादा जाळं शिवत बसलेला. म्हनला वरनं कारखान्याचं पानी येतंय, लई दिस झालं, आमी ह्या वळणावरचा माल घरात खात न्हाय. मी म्हनलं, मंग मला का दिल्यास रं? तर म्हणतोय कसा, तू कवा इचारलंस? खरंच इचारलं नव्हतं की मी. त्यो आपल्या पोरांच्या ताटाला जपला आन मी माझ्या हातानं वाढलं.

आता त्याच जागेवर मेथी, कोथमीर इकतो. जुन्या बाया येत्यात, तिसऱ्या कवा आणणार मावशी, पोरं बोटाला धरलेली. मी भाजी देता देता त्या पोरांचं तळहात बघतो. तिघींना सांगितलं, तपासून घ्या म्हनलं. एक अंगावर धावून आली, तिचं काय चुकलं न्हाय. बाकीच्यांना सांगायचा धीर हुईत न्हाय, खरं तेच सांगतो, आन त्याची लाज वाटती मला.

मंदा येती सणाला. पोरीचा डबा तिकडनंच भरून आणती, पानी बी बाटलीत. परवा नात माझ्या ताटातल्या भाकरीला हात घालाय लागली तर मंदानं झटक्यात वडून घेतली, मंग माझ्याकडं बघून रडली. दाणं कमी झाल्यात म्हणती, पर हात धरला की मला लागत्यात. डॉक्टरीणबाई म्हणत्यात लक्ष ठेवाय पायजे, पुढचं आत्ताच सांगता येत न्हाय. माझं काय, माझी नखं बी तसलीच निघाली, मी जगून घेतलं. तिनं माझ्या हातचं पुन्यांदा कवाच खाऊ ने, चालंल मला. तिचा हात तेवढा मऊ हू दे.