डॉक्टरांशी तारोफ

हॅलो? … थांब निलगून, मोजतेय… नऊ, दहा, अकरा. हं, बोल.

… अगं, अननस. पाकातल्या फोडींचे डबे. अकरा अननसाचे आणि एक नासपतीचा. नासपती कोणी आणली, ओळख. … बरोबर, तुझ्या आईने. पर्विन मावशी म्हणते, "महरू, सुजेला कुठे फळाचं नाव वाचता येतं." … अननसाने तरी सूज उतरते याला कुठे फारसा पुरावा आहे? पण गोड लागतं.

… आवाज असाच येणार. ऑपरेशनला आठवडाच झालाय, नाक आतून अजून सुजलंय. पण नाकावरचा साचा काल निघाला, आता नुसती पट्टी. आणि ऐक ना, सकाळी सांगाक पाव आणायला गेले, तर रांगेतल्या बायका "मुबारक असो" म्हणाल्या, डॉक्टर कोण ते विचारलं, आणि भट्टीवाल्या आगांनी मला पुढे घेतलं. फिजिक्सची पदवी मिळाली तेव्हा पावाच्या रांगेत कोणी हलेना.

… दिसतंय कसं? बटाट्यासारखं. … हो, हो, खरंच. अगं, खरं नाक वर्षभराने कळतं. तुझी कातडी जाड, तुला आणखी वेळ. म्हणून तर म्हटलं होतं, डॉक्टरांचे ताजे फोटो बघू नकोस, दोन वर्षांपूर्वीची नाकं दाखवा म्हण. म्हणालीस का? … चला, ते तरी केलंस.

शनिवारी तुझं ऑपरेशन किती वाजता? … सात. मग आदल्या रात्री ते सांगतील तेव्हापासून पोटात काही नाही. … पाणीही नाही. … चहा म्हणजे पाणीच की, निलगून जान.

हुक्का? … महिनाभर नाही, शाब्बास. … गोळ्या? ऍस्पिरिन वगैरे? … आणि परवा पोटात दुखत होतं तेव्हा? … ब्रूफेन. अगं, त्याने रक्त थांबायला वेळ लागतो. डॉक्टरांना सांगितलंस? … विचारलं होतं त्यांनी? … मग काय म्हणालीस?

… "काही विशेष नाही, आपण कशाला त्रास घेता." सर्जनला?

… थांब, थांब. नीट सांग. कॉम्प्युटरवर त्यांनी तुझं नवं नाक दाखवलं. … टोक वर उचललेलं, बाहुलीसारखं. … आणि तुला तर नुसता उंचवटा कमी हवा होता. नाक बाबांचंच राहायला हवं, नवरोजपासून तेच ऐकवतेयस मला. मग त्यांना काय सांगितलंस?

… "आपल्या हाताला यश आहे, आपण कराल ते शिरसावंद्य."

… हसत नाहीये. हसले की टाके ओढतात.

अगं, टॅक्सीवाला म्हणतो "पैसे कशाला, राहू द्या", तेव्हा तू उतरून चालायला लागतेस का? … नाही ना? तू आग्रह करतेस, तो नको म्हणतो, तू पुन्हा आग्रह करतेस, तो घेतो. दोघांनाही माहीत असतं की हा तारोफ, नुसता बोलायचा शिष्टाचार. पण एकदा भूल दिली की डॉक्टर तुला पुन्हा विचारायला येणार नाहीत. … हो, मोठे आहेत, केस पिकलेत, बाहेर माणसं ताटकळत बसलेली. म्हणून काय झालं? नाक तुझ्या तोंडावर राहणार आहे, त्यांच्या नाही.

… घाबरवत नाहीये गं. मला तर तुझ्यापेक्षा जास्त आनंद झालाय. दोघी पट्ट्या लावून तजरिशला केशराचं आइसक्रीम खायला जाऊ, लोक बघत राहतील.

पण एक विचारू? रामसरला समुद्रावर गेलो तेव्हा आपण एका खोलीत झोपलो होतो. तू रात्रभर तोंड उघडं टाकून. … घोरत होतीस, हो. … व्हॉलीबॉल? नाकावर? कधी? … नववीत. आणि तेव्हापासून डावीकडून श्वास कमी. … आत दिवा घालून बघितलं नाही त्यांनी? … बघत होते, आणि तू "नको नको, आपला वेळ जातोय" म्हणून मागे सरकलीस. वा.

ऐक. नीट ऐक. बाहेरून नाक लहान केलं की आतली वाटही अरुंद होऊ शकते. मधला पडदा वाकडा असेल तर तो सरळ करायचा का, हे त्यांना आधी ठरवावं लागतं. नाहीतर सुंदर नाक घेऊन जन्मभर तोंडाने श्वास घेशील. … रडू नकोस. नाक शिंकरत बसशील आणि आपल्याला काही कळणार नाही.

फ्रीज उघड. मावशीचा छोटा आरसा बर्फाच्या खणात ठेव. … अगं ठेव तर.

तोवर तयारी. दवाखाना आज सहापर्यंत, उद्या शुक्रवार, बंद. म्हणजे आत्ताच फोन करायचा. काय बोलणार, म्हणून दाखव. … "क्षमा असावी, आपल्याला तसदी…" नाही. परत. … "माझंच अज्ञान…" निलगून. … "मला टोक वर नको. मी ब्रूफेन घेतली आहे." हं. आवाज कापला तरी चालेल.

आणि आरशावर डाव्या नाकपुडीची वाफ खरंच फार कमी आली, तर आणखी एक वाक्य. "आधी आतून तपासा, शनिवार पुढे ढकला." … सेमिस्टरची सुट्टी जाईल, माहीत आहे. … वर्षभर वाट पाहिलीस, तेही माहीत आहे. … पण म्हणशील ना? … नक्की? … बरं.

काढ आरसा. पुसून कोरडा कर. नाकाखाली आडवा धर, तोंड बंद, आणि नाकाने हळू श्वास सोड. … जोर नको. … वाफेचे दोन डाग आले? … थोडा फरक सगळ्यांनाच असतो, नाकपुड्या आलटूनपालटून जास्त चालतात. पुसून पुन्हा कर. … तसंच आलं? … मग मोज. … आर्किटेक्चर शिकतेस, पट्टी सापडत नाही म्हणू नकोस.

… उजवा किती? … पाच सेंटिमीटर.

… डावा?

… एक.